कुंडीतला वाफसा

दोन दिवस पाऊस लागून उघडीप मिळाली, तरी जाणता शेतकरी लगेच रानात औत घालत नाही. मूठभर माती उचलून तो ती दाबून बघतो. बोटांच्या फटीतून चिखल आला तर थांबतो. गोळा झाला आणि बोटाच्या हलक्या धक्क्याने फुटला, तर म्हणतो, रान वाफशावर आलं. वाफसा म्हणजे मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था: मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर आणि कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांत हवा. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी आपल्या नैसर्गिक शेतीच्या चार आधारांमध्ये बीजामृत, जीवामृत आणि आच्छादन यांच्याबरोबर वाफशाला जागा दिली. त्यांच्या पद्धतीतल्या इतर काही गोष्टींवर शास्त्रज्ञांचे मतभेद आहेत. या मुद्द्यावर मात्र वनस्पतिशास्त्र आणि शेतकऱ्याचा पिढीजात अनुभव एकाच ठिकाणी येऊन पोचतात. तरीही शेतात रुळलेला हा शब्द बाल्कनीतल्या कुंडीपर्यंत आलेला नाही. घरच्या बागेचे सल्ले ‘किती दिवसांनी पाणी’ आणि ‘कोणतं खत’ यांच्याभोवतीच फिरतात. माझं म्हणणं असं, की हौसेने आणलेली पुष्कळशी झाडं पाण्यावाचून किंवा खतावाचून मरत नाहीत, त्यांची मुळं गुदमरतात. कुंडीत वाफसा टिकवता आला, की जास्वंद असो, कोरफड असो की कढीपत्ता, बाकीची निगा सोपी होते.

पानं उन्हात साखर तयार करतात, हे शाळेत सगळेच शिकतात. त्या धड्याचा दुसरा भाग फारसा लक्षात राहत नाही. ती साखर वापरून शक्ती मिळवायला झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीला ऑक्सिजन लागतो. मुळंही याला अपवाद नाहीत. वरून उतरलेली साखर ती जाळतात आणि त्या शक्तीवर खनिजं आत ओढतात, नवी टोकं फोडतात. यासाठी लागणारा ऑक्सिजन त्यांना मातीतल्या पोकळ्यांमधूनच मिळवावा लागतो. या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या तर मोठी अडचण होते, कारण ऑक्सिजन हवेतून ज्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. जवळचा साठा संपला की नवा वेळेवर पोचत नाही. ऑक्सिजन तुटलेलं मूळ पाणी आत घेण्याची आपली सूक्ष्म दारंही मिटून घेतं, आणि मग चिखलात उभं असलेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. घरच्या बागेतली सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. पान लोंबलेलं दिसलं की झारी उचलली जाते, आणि ज्याचा श्वास अडला आहे त्याला आणखी पाणी पाजलं जातं.

मुळांना हवा खरोखरच इतकी लागते का, अशी शंका असेल तर चिखलात राहणाऱ्या झाडांकडे बघावं. कमळाचा देठ आडवा कापला की त्यातली हवेची भोकं नुसत्या डोळ्यांना दिसतात. भाताच्या रोपात पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या अशाच वाटा असतात, म्हणून गुडघाभर चिखलातही भात तग धरतो. खाडीकाठच्या तिवरांनी तर याहून पुढची सोय केली आहे. ओहोटीच्या वेळी मुंबई-ठाण्याच्या किंवा कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या काठी उभं राहिलं, तर तिवराभोवतीच्या चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळं वर आलेली दिसतात. ती हवा घेण्यासाठीच वर येतात. गुलाब, मोगरा, तुळस, मिरची, शेवंती यांच्याकडे अशी सोय नाही. त्यांची हवा मातीतूनच आली पाहिजे.

एखादं झाड मलूल झालं असेल आणि माती ओली लागत असेल, तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा कुंडी आडवी करावी, कडेने थापटावी आणि मुळांची हुंडी अलगद बाहेर काढून बघावी. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर दिसतात, बोटांना कणखर लागतात. गुदमरलेली मुळं तपकिरी-काळी आणि बुळबुळीत असतात. त्यातलं एक चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल बोटांत येते आणि आतला दोऱ्यासारखा तंतू मागे लोंबत राहतो. हुंडीला तुंबलेल्या गटाराचा वास येतो, कारण जिथे हवा संपते तिथे हवेवाचून जगणाऱ्या जीवाणूंचं राज्य सुरू होतं. मूळकूज करणारे पिथियम आणि फायटोप्थोरा हे बुरशीसारखे जीवही याच अवस्थेची वाट पाहत असतात. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. अशा वेळी नुसतं औषध ओतून भागत नाही. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने काढावीत, गेलेल्या मुळांच्या मानाने वरचा पाला कमी करावा, भुसभुशीत मिश्रणात झाड पुन्हा लावावं आणि नवी पालवी दिसेपर्यंत सावलीत ठेवावं. मुळं निम्म्याहून अधिक शाबूत असतील तर झाड बहुधा सावरतं.

आता एक रास्त आक्षेप. अंगणातली जास्वंद चार महिने पावसात भिजते, तिला काही होत नाही. मग कुंडीतलीच का मरते? याचं उत्तर असं, की कुंडी ही जमिनीची छोटी प्रत नाही. जमिनीत वरच्या थराखाली आणखी माती असते, तिच्याखाली मुरूम, आणि हा सलग स्तंभ केशाकर्षणाने वरचं पाणी खाली ओढत राहतो. कुंडीत माती एकदम संपते. तळाच्या भोकातून थेंब पडणं थांबलं तरी सगळं पाणी निघून गेलेलं नसतं. तळाशी काही बोटं जाडीचा एक थर पाण्याने गच्च भरलेला राहतो, आणि मातीच त्याला धरून ठेवते. हे स्वयंपाकघरातल्या स्पंजवर दोन मिनिटांत बघता येतं. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून तळहातावर आडवा ठेवावा. थेंब गळायचे थांबले की तोच स्पंज न दाबता उभा धरावा. लगेच पाण्याची धार सुटते. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली. गच्च थराची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. उथळ कुंडीत म्हणूनच बहुतेक सगळी माती त्या थरात सापडते, तर उंच कुंडीत वर भरपूर हवेशीर माती उरते. तुळशीसाठी उंच वृंदावन बांधण्याची आपली रीत अर्थातच पूजेच्या भावनेतून आली, पण त्या उंचीचा लाभ तुळशीच्या मुळांना मिळतो. ज्या वृंदावनाला खाली पाणी जायला वाट ठेवलेली नाही, तिथे मात्र हा लाभ उरत नाही, आणि तिथली तुळस दर पावसाळ्यात नव्याने लावावी लागते.

तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे भरले की निचरा चांगला होतो, हा समज याच स्पंजाने खोडून निघतो. बारीक पोकळ्यांच्या मातीतून पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खड्यांत सहज उतरत नाही. माती जिथे संपते तिथेच ते अडतं, आणि गच्च थर खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ सरकतो. वर चार बोटं मातीही कमी होते. माती भोकातून वाहून जाऊ नये म्हणून त्यावर खापराचा एक वक्र तुकडा पालथा ठेवणं योग्यच आहे. पण निचरा हवा असेल तर विटांचा चुरा वरपासून खालपर्यंत सगळ्या मातीत मिसळलेला हवा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड वाटतो. मनी प्लांट तर नुसत्या पाण्याच्या बाटलीत वर्षानुवर्षं वाढतो. मग पाण्याने मूळ गुदमरतं हे खरं कसं मानायचं? यात दोन गोष्टी आहेत. पाण्यातच फुटलेली मुळं मातीतल्या मुळांपेक्षा वेगळी असतात, त्यांच्या आत हवेच्या पोकळ्या अधिक असतात. मातीत वाढलेला वेल उचलून एकदम बाटलीत ठेवला, तर त्याची जुनी मुळं आधी बरीचशी कुजतात आणि नवी येतात. दुसरं, बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात वरून थोडा ऑक्सिजन विरघळत राहतो आणि त्याला मुळांखेरीज फारसे वाटेकरी नसतात. कुंडीतल्या मातीत शेणखत, पालापाचोळा आणि त्यावर जगणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात. माती गच्च ओली झाली की उरलेला ऑक्सिजन हेच सूक्ष्मजीव झपाट्याने संपवतात. बाटलीतलं पाणी आठवड्याने बदलायचं ते त्यातला ऑक्सिजन टिकावा यासाठीच. पाण्यावर भाजी पिकवणारेही द्रावणात पंपाने हवा सोडतात किंवा द्रावण सतत वाहतं ठेवतात. तेव्हा मनी प्लांटची बाटली या नियमाला छेद देत नाही, तो पक्काच करते.

यावरून मातीचा प्रश्न येतो, आणि घरच्या बागेत पैसे खर्च करायचे असतील तर ते इथे करावेत. देशावरची काळी माती शेतात सोनं पिकवते, पण कुंडीत ती नुसती भरू नये. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. कुंडीच्या कडेपासून ती सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधली हुंडी कोरडीच राहते. भिजली की तीच माती लोण्यासारखी होऊन हवा कोंडते. कोकणातली लाल माती जरा मोकळी असते, तरी रोज पाणी घालून वर्षभरात तीही दबते. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, हलका असतो आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. पण त्याचा वरचा थर लवकर कोरडा दिसतो आणि आत तो ओलाच असतो, त्यामुळे नुसत्या कोकोपीटमधली झाडं फसगतीने बुडवली जातात. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षारही असतात. माझ्या मते घरच्या बहुतेक फुलझाडांसाठी एक भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग मोकळेपणा आणणारी वस्तू, मग ती विटांचा चुरा असो, भाताचं तूस असो की जाड वाळू, हे मिश्रण पुरेसं आहे. कोरफड, अडेनियम, निवडुंग यांच्यासाठी तो तिसरा भाग दुप्पट करावा.

महाराष्ट्रात गच्चीवरच्या शेतीचे जे प्रयोग गाजले, त्यांच्याकडेही या नजरेने बघता येतं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं आणि थोडीशी माती यांवर गच्चीत भाज्या आणि फळं पिकवली. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्यापासून सकस माती तयार करण्याचा विचार गावोगाव नेला. अशा पद्धतींचं श्रेय सहसा सेंद्रिय खताला दिलं जातं आणि ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. चिपाडं आणि पानं यांच्यामध्ये हवेला भरपूर जागा राहते. बादलीभर मातीत जी मुळं कोंडली असती, ती तिथे मोकळा श्वास घेतात. या पद्धतीची मर्यादाही इथूनच कळते: पाला कुजला की तो खाली बसतो, पोकळ्या मिटतात, म्हणून दर काही महिन्यांनी वरून नवा पाला घालत राहावं लागतं.

तिसरा आक्षेप नागपूर, चंद्रपूर, जळगावचे वाचक घेतील, आणि त्यांचा अनुभव खरा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गच्चीवरची कुंडी सकाळी भिजवली तरी संध्याकाळी खडखडीत होते. तिथे कमी पाणी घाला हा सल्ला झाडाचा जीव घेईल. म्हणूनच ‘कमी पाणी’ हा नियम मी मांडत नाही. वाफशाच्या एका बाजूला चिखल आहे तशी दुसऱ्या बाजूला धूळ आहे. मोकळ्या मिश्रणात उलट बिनधास्त पाणी घालता येतं, कारण जास्तीचं पाणी थांबत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात मातीवर वाळक्या पानांचं दोन बोटं आच्छादन, दुपारची सावली आणि मोठ्या कुंड्या यांचा उपयोग होतो. कुंड्यांची निवडही प्रदेशानुसार व्हावी. भाजलेल्या मातीची कुंडी आपल्या अंगातून ओल बाहेर सोडते, म्हणून कोकणात आणि मुंबईत तिच्यासारखी कुंडी नाही. कोरड्या प्रदेशातल्या उघड्या गच्चीवर तीच कुंडी झाडाच्या तोंडचं पाणी पळवते; तिथे फिक्या रंगाची प्लॅस्टिकची मोठी कुंडी जास्त बरी.

पाणी घालण्याची रीत मग आपोआप ठरते. रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना पेलाभर पाणी, ही सवय सोडावी. पेलाभर पाण्याने वरची दोन बोटं माती सतत ओली राहते, तिथे चिलटं होतात, खालची मुळं कोरडी राहतात आणि क्षार साचतात. त्याऐवजी पाणी घालायचं तेव्हा तळातून वाहेपर्यंत भरपूर घालावं. खाली उतरणारं पाणी मागे मोकळ्या होणाऱ्या पोकळ्यांत वरून ताजी हवा ओढून घेतं, म्हणजे झाडाला पाणी आणि हवा एकाच फेरीत मिळते. मग पुढचं पाणी बोट सांगेल तेव्हा. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावी. ओल लागली तर थांबावं. लहान कुंडी उचलून बघितली तरी आठवडाभरात हाताला वजनावरून कळू लागतं. वेळापत्रक इथे कामाचं नाही, कारण झाड किती पाणी पिणार हे उजेडावर ठरतं. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, तर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काही शेच. बाहेर दोन दिवसांत पाणी संपवणारं झाड आत आणलं की तेवढंच पाणी त्याला दहा दिवस पुरू शकतं. छाटणीनंतरही हेच होतं. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करतात. पाला गेला की पाण्याचा उपसाही थांबतो, पण झारी मात्र जुन्याच मापाने चालू राहते, आणि छाटणीने गुलाब मेला असं म्हटलं जातं. फुटवे दिसेपर्यंत पाण्याचा हात आखडता ठेवला, तर साधारण दीड महिन्यात त्याच फांद्यांवर कळ्या येतात. कढीपत्ता थंडीत पानं पिवळी करून गाळतो, ती त्याची विश्रांती असते; तेव्हा त्याला खत आणि पाणी देऊन उठवू नये. मोगऱ्याला ऊन भरपूर हवं आणि पाणी उन्हाळ्यात सढळ. स्नेक प्लांट आपली पर्णरंध्रं रात्री उघडतो, त्याला पाणी फार कमी लागतं. घरात तो मेला, तर जवळजवळ नेहमी पाण्यानेच. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहाव्यात, दोन-तीन वर्षांनी ती खोडाशी लाकडासारखी झाली की तिच्याच बियांतून नवं रोप करावं.

पान पिवळं पडलं की खत, ही आणखी एक सवय. मुळं गुदमरलेली असतील तर मातीत खत कितीही असलं तरी ती ते उचलू शकत नाहीत. वर टाकलेलं खत क्षार होऊन उरलेली मुळं भाजतं. आधी हुंडी बघावी, मग खताचा विचार करावा. नवं रोप आणल्यावर ते एकदम मोठ्या कुंडीत लावणं हाही मायेपोटी होणारा अपाय आहे, कारण मुळं जिथवर पोचलेली नाहीत ती माती पाणी धरून आंबते. जुन्या कुंडीपेक्षा दोन इंच मोठी कुंडी पुरते.

पावसाळ्यात या सगळ्याची परीक्षा होते. मुंबईत चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि दर वेळी कुंडीचं एकुलतं एक भोक मुळांनी किंवा बसलेल्या मातीने बुजलेलं असतं. म्हणून मे संपायच्या आत प्रत्येक कुंडी कलती करून भोकात काडी घालून बघा, आरपार जात नसेल तर मोकळं करा. कोरफड, अडेनियम आणि स्नेक प्लांट छताखाली घ्या. कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून हवा फिरेल. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. त्यात साचलेलं पाणी मुळांना बुडवतं, शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच पाण्याच्या काठाला अंडी चिकटवतो. ती अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळालं की साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. ताटली ठेवायचीच असेल, तर आठवड्यातून एकदा तिच्यातलं पाणी ओतून देऊन थांबू नका, ती काथ्याने घासून, वाळवून मगच परत ठेवा.